अकरावीतच कॉलेज: रनिंग स्टार्टची आमची दोन वर्षं

दरवर्षी हिवाळ्यात, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, ओळखीतल्या दहावीच्या मुलांच्या आईवडिलांचे फोन यायला लागतात. "तुमच्या मुलीनं रनिंग स्टार्ट केलं ना? कसं आहे? घालू का आमच्याला?" फोनवर सुचेल ते मी सांगते, पण प्रत्येक वेळी काहीतरी महत्त्वाचं राहूनच जातं. म्हणून यंदा एकदा बसून सगळं लिहून काढायचं ठरवलं.

आम्ही अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात राहतो, सिएटलच्या उत्तरेला बॉथेल गावात. इथे १९९० साली एक कायदा झाला आणि सरकारी शाळांमधल्या अकरावी-बारावीच्या मुलांना कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात, जाऊन कॉलेजचे विषय शिकायची मुभा मिळाली. त्या योजनेचं नाव रनिंग स्टार्ट. मूल नावाला आणि हक्काला शाळेचंच राहतं. शाळेचा ऑर्केस्ट्रा, शाळेचे खेळ, शेवटचा पदवीदानाचा समारंभ, सगळं शाळेत. पण एखादा विषय, दोन विषय किंवा सगळेच विषय कॉलेजात. तिथे मिळवलेले क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्याबद्दल मिळणारे एकक, दोन्हीकडे धरतात. कॉलेजचे पाच क्रेडिट म्हणजे शाळेचा एक, असा राज्यभर ठरलेला हिशेब आहे.

शिकवणीची फी लागत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. ती का लागत नाही हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. प्रत्येक मुलामागे शाळेला सरकारकडून पैसे मिळतात. मूल जितका वेळ कॉलेजात शिकतं, तितक्या हिश्शाचे ९३ टक्के कॉलेजला जातात आणि ७ टक्के शाळेच्या डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळाकडे, राहतात. इतके फॉर्म आणि इतक्या सह्या लागतात त्या यामुळेच. पुस्तकं, इतर किरकोळ फी आणि जाण्यायेण्याचा खर्च आपला. ज्या घरांचं उत्पन्न कमी आहे त्यांना फीमध्ये माफी मिळते. ती मागायला संकोच करू नये, कायद्यातच तशी सोय आहे. आणखी एक गोष्ट आधीच पाहून घ्यायला हवी. शंभर किंवा त्यावरच्या क्रमांकाचे विषयच मोफत असतात. त्याखालचे, म्हणजे कॉलेजपूर्व तयारीचे विषय घेतले तर पैसे आपल्याला भरावे लागतात. शाळा आणि कॉलेज मिळून एकूण किती भार घ्यायचा यालाही वरची मर्यादा आहे. ती ओलांडली की बिल घरी येतं.

माझ्या लेकीनं हे ठरवलं ते पैशांसाठी नाही आणि लवकर पदवी मिळावी म्हणूनही नाही. तिला जिऑलॉजी शिकायची होती. तिच्या शाळेत बायॉलॉजी होतं, केमिस्ट्री होती, फिजिक्सही होतं. दगडमातीचं शास्त्र कुणी शिकवत नव्हतं. तिच्या बहुतेक मैत्रिणींनी एपीचे विषय घेतले होते. एपी म्हणजे शाळेतच, शाळेच्याच शिक्षकांकडे वर्षभर शिकायचं आणि मे महिन्यात सगळ्या देशाची एक परीक्षा द्यायची. एक ते पाच गुण असतात आणि आमच्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत तीन किंवा त्याहून जास्त मिळाले की क्रेडिट मिळतं. ती वाटही चांगली आहे, शिस्तीची आहे. पण त्यात सगळा निकाल एका परीक्षेवर लागतो. रनिंग स्टार्टमध्ये तशी एकच परीक्षा नसते. दर आठवड्याचं काम, प्रयोग, निबंध, दोन-तीन चाचण्या यांतून जी ग्रेड तयार होते ती थेट कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे अधिकृत गुणपत्रकावर, चढते. आणि ती तिथेच राहते. पुढे कुठेही अर्ज करा, पंचविसाव्या वर्षी करा, ती ट्रान्स्क्रिप्ट सोबत जोडावी लागते. मला विचाराल तर पालकांनी सगळ्यात आधी समजून घ्यायला हवं ते हेच.

साताऱ्याला सासूबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांना यात नवल असं काहीच वाटलं नाही. "दहावी झाली ना तिची? मग कॉलेजच की." त्यांचं खरं आहे. आपल्याकडे दहावी झाली की मूल ज्युनिअर कॉलेजात जातं. मी स्वतः सोळाव्या वर्षी दप्तर सोडून एक वही हातात घेऊन कॉलेजात गेले होते, बी.एस्सी.च्या मुली ज्या जिन्यानं जात त्याच जिन्यानं आम्हीही. पण आमचा अभ्यासक्रम बोर्डाचा होता, डोक्यावर बारावीची परीक्षा होती आणि वर्गात सगळे आमच्याच वयाचे. इथे वर्ग खराखुरा कॉलेजचा. शेजारच्या खुर्चीत कुणीही असू शकतं.

पहिलं काम शाळेच्या समुपदेशकाबरोबर बसायचं. या भेटीला घाई करू नका. आमच्या राज्यात शाळा पूर्ण करायला २४ क्रेडिट लागतात: चार इंग्रजीचे, तीन गणिताचे, तीन विज्ञानाचे, तीन सामाजिक शास्त्रांचे आणि असेच बाकीचे. त्यातले कुठले झाले, कुठले राहिले आणि राहिलेल्यांपैकी कुठले कॉलेजात बसतील हे कागदावर मांडावं लागतं. आम्हाला इथे मराठी उपयोगी पडली. घरी बोलल्या जाणाऱ्या भाषेची परीक्षा देऊन या राज्यात जागतिक भाषेचे क्रेडिट मिळवता येतात, चांगली पातळी असेल तर चारपर्यंत. लेकीनं मराठीची परीक्षा दिली. रविवारच्या मराठी शाळेत रडतखडत गिरवलेली अक्षरं आणि आजोबांशी फोनवर मारलेल्या गप्पा यांना शाळेच्या कागदावर जागा मिळाली, आणि परकी भाषा शिकायचा वेळ मोकळा झाला. ज्यांची मुलं घरी मराठी बोलतात त्यांनी ही चौकशी नववीतच करावी.

कॉलेजचा अर्ज भरणं सोपं, अर्ध्या तासाचं काम. मग इंग्रजी आणि गणिताची पातळी ठरवायची असते; तिची शाळेची ट्रान्स्क्रिप्ट त्याला पुरेशी ठरली. यानंतर येतो तो फॉर्म, ज्याच्याभोवती पुढची दोन वर्षं फिरतात: एनरोलमेंट व्हेरिफिकेशन फॉर्म. या क्वार्टरला, म्हणजे कॉलेजच्या या सत्राला, मूल शाळेत किती विषय घेतंय, म्हणून कॉलेजात किती क्रेडिट मोफत घेता येतील, हे समुपदेशक त्यात लिहून सही करतात. विद्यार्थ्याची सही, अठरा पूर्ण नसतील तर पालकांचीही. हा फॉर्म वर्षातून एकदा भरून भागत नाही. दर क्वार्टरला नवा. कॉलेजची वर्षातली फॉल, विंटर आणि स्प्रिंग अशी तीन क्वार्टर साधारण दहा-अकरा आठवड्यांची असतात, आणि शाळा मात्र सेमिस्टरवर चालते. एक घड्याळ वर्षाचे तीन भाग करतं आणि दुसरं दोन, त्यामुळे प्रत्येक वेळी कुठेतरी जुळवाजुळव करावी लागते. सप्टेंबरच्या सुरुवातीला शाळा उघडते, कॉलेज उघडायला महिना संपत येतो. वसंतातली सुट्टी दोघांची वेगवेगळ्या आठवड्यांत येऊ शकते. घरातली धाकटी मुलं सुट्टीवर आणि हिची परीक्षा, असंही होतं.

विषयांची नोंदणी हा वेगळाच प्रकार. प्रत्येकाला एक ठरावीक दिवस आणि वेळ मिळते. ज्यांचे क्रेडिट जास्त झालेत त्यांची पाळी आधी, नवे सगळ्यात शेवटी. अकरावीतल्या मुलाची वेळ येईपर्यंत सकाळचे सोयीचे वर्ग भरलेले असतात. लेक त्या दिवशी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या हाताशी वहीचं एक पान होतं, त्यावर पहिली पसंती, ती नाही मिळाली तर दुसरी, दुसरी घेतली तर बस कुठली पकडायची, असं सगळं बाणांनी जोडून काढलेलं. जिऑलॉजीचा वर्ग मिळाला. इंग्रजी १०१ भरलेला होता, ती प्रतीक्षायादीत गेली.

विषयाच्या नावापुढे अँपरसँडची (&) खूण असते तिकडे लक्ष द्या. इंग्रजी, गणित, केमिस्ट्री, जिऑलॉजी अशा अनेक विषयांना ती लावलेली असते. तिचा अर्थ हा की तो विषय राज्यातल्या सगळ्या कम्युनिटी कॉलेजांत त्याच क्रमांकाचा आणि त्याच तोडीचा आहे. दुसऱ्या कॉलेजात गेलं तरी वाद होत नाही. आम्ही शक्यतो तसेच विषय निवडायचे असं ठरवलं होतं, आणि पुढे त्याचा फायदा झाला.

प्रतीक्षायादीत ती कितवी आहे आणि जागा मिळण्याची शक्यता किती, हे विचारायला मी कॉलेजात फोन केला. पलीकडच्या बाईंनी फार नम्रपणे सांगितलं की विद्यार्थिनीची माहिती त्या मला देऊ शकत नाहीत. मी म्हटलं, ती सोळा वर्षांची आहे, मी तिची आई आहे. त्यांनी तितक्याच शांतपणे सांगितलं की वयाचा संबंध नाही. १९७४ पासून फर्पा नावाचा केंद्रीय कायदा आहे. शाळेत असेपर्यंत मुलाच्या शैक्षणिक नोंदींवर पालकांचा हक्क. मूल कॉलेजात शिकायला लागलं की तो हक्क मुलाचा, मग ते सोळाचं का असेना. शाळेकडे असलेल्या नोंदी अठरापर्यंत आम्ही पाहू शकत होतो; कॉलेजकडून माहिती हवी असेल तर मुलीनं लेखी परवानगी द्यायला हवी.

तसा फॉर्म असतो. रात्री जेवताना मी तो विषय काढला. ती जरा थांबली आणि म्हणाली, "आई, मी तुला सगळं सांगेन. पण तिकडे तू विचारायचं नाहीस." तिच्या बाबांनी माझ्याकडे बघितलं. फॉर्म भरला नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण मी ज्या घरात वाढले तिथे निकालाचा कागद आधी वडिलांच्या हातात जायचा आणि मग माझ्या. पण आज विचाराल तर रनिंग स्टार्टचा खरा गाभा मला तिथेच दिसतो. क्रेडिट, पैसे, वाचलेली वर्षं हे सगळं आहेच. पण ही योजना मुलाच्या हातात त्याच्या शिक्षणाची सूत्रं देते, आणि तीही खरीखुरी, पूर्ण. पालकसभा नाही. ग्रेड घसरली तर घरी ईमेल येत नाही. गृहपाठ राहिला म्हणून शिक्षक आठवण करत नाहीत. पहिल्या दिवशी सिलॅबस देतात, त्यात सगळ्या तारखा असतात, आणि तारीख म्हणजे तारीख. ज्या मुलाला हे पेलायची मनापासून इच्छा आहे त्याच्यासाठी याच्यासारखी दुसरी गोष्ट नाही. ज्याची अजून तयारी नाही त्याला आईवडिलांच्या हौसेखातर पाठवलं, तर त्याच्या कायमच्या ट्रान्स्क्रिप्टवर त्याचा डाग राहतो. म्हणून "घालू का" विचारणाऱ्यांना मी आधी विचारते: त्याला स्वतःला जायचंय का?

इंग्रजीच्या वर्गात जागा झाली, पहिल्या आठवड्यातच.

सुरुवातीचं वेळापत्रक आम्ही हलकं ठेवलं होतं. सकाळी शाळेत ऑर्केस्ट्रा आणि गणित, मग बसनं कॉलेज. सप्टेंबर २०२२ पासून आमच्या भागात अठरा आणि त्याखालच्या मुलांना बस-ट्रेन मोफत झाली, आणि तिची अकरावी नेमकी तेव्हाच सुरू झाली. त्यामुळे गाडी, पार्किंग, मी कामावरून उठून सोडायला जाणं, हे प्रश्नच आले नाहीत. तिचं कॅस्केडिया कॉलेज बॉथेलमध्येच आहे, वॉशिंग्टन विद्यापीठाच्या बॉथेल शाखेच्या आवारात. दोघांचं ग्रंथालयही एकच. आवाराला लागून पुन्हा जिवंत केलेली मोठी पाणथळ जागा आहे, आणि शरद-हिवाळ्यात संध्याकाळी तिथे हजारो कावळे मुक्कामाला येतात. नोव्हेंबरात साडेचारलाच अंधारतं. लेक लॅबमधून बाहेर पडून बसथांब्यावर उभी असायची तेव्हा आकाशभर कावळेच कावळे. त्यांच्या कलकलाटात फोनवर तिचं बोलणं मला ऐकू यायचं नाही.

इंग्रजीच्या वर्गात दोन-तीन तिच्यासारखी शाळकरी मुलं होती. बाकी कुणी दिवसभर नोकरी करून येणारं, कुणी लहान मूल पाळणाघरात ठेवून आलेलं, एक गृहस्थ नौदलातून निवृत्त झालेले, चाळिशीचे. निबंधाचे कच्चे खर्डे एकमेकांनी वाचायचे असा नियम होता आणि तिची जोडी या गृहस्थांशी लागली. तिचा निबंध स्थलांतरितांच्या मुलांवर होता. तिनं घरी दाखवला होता आणि आम्हाला फार आवडला होता. त्यांनी वाचून एका परिच्छेदाखाली पेन्सिलीनं रेघ ओढली आणि विचारलं, "हे तुला खरंच वाटतं, की असं लिहिलेलं शिक्षकांना आवडतं म्हणून लिहिलंस?" घरी येऊन ती बराच वेळ खोलीत होती. मग बाहेर आली, तो परिच्छेद काढून टाकला आणि त्याजागी आमच्या घरातली एक गोष्ट लिहिली: आजी-आजोबा इथे आले की तिला मधे उभं राहून दुकानदार आणि ते यांच्यात दुभाष्याचं काम करावं लागतं आणि त्याचा तिला कधी अभिमान वाटतो, कधी कंटाळा येतो. कंटाळा येतो हे तिनं आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तिच्या वयाच्या मुलांनी भरलेल्या वर्गात तिला तो प्रश्न कुणी विचारला असता असं मला वाटत नाही. त्या गृहस्थांचे आम्ही मनापासून ऋणी आहोत.

आणि जिऑलॉजी. पहिल्या महिन्यात लॅबमध्ये खडकांचे नमुने ओळखायचे होते. ट्रेमध्ये तळहाताएवढे तुकडे, प्रत्येकावर पांढऱ्या रंगात क्रमांक. हातात घेऊन वजन बघायचं, भिंगातून स्फटिक दिसतात का बघायचं, नखानं, मग तांब्याच्या नाण्यानं, मग लोखंडी खिळ्यानं ओरखडून कठीणपणा ठरवायचा. एक नमुना काळा, जड, बारीक कणांचा, त्यावर बारीक बारीक छिद्रं. तिनं उचलला आणि तिला वाटलं, हा आपण पाहिलाय. साताऱ्याच्या घराच्या जोत्याला हाच दगड. अजिंक्यताऱ्यावर चढताना ज्यावर पाय ठेवायचो तो हाच. बेसाल्ट.

पुढे क्वार्टरअखेरच्या प्रकल्पासाठी तिनं हाच विषय घेतला. वॉशिंग्टन राज्याचा पूर्वेकडचा मोठा भाग कोलंबिया नदीच्या बेसाल्टखाली आहे. सुमारे १ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यातून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचले. आपला दख्खनचा दगड त्याच जातीचा, पण कितीतरी जुना, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, आणि पसाराही दुपटीहून मोठा. तिनं दोन्हींची तुलना करायचं ठरवलं. एका शनिवारी आम्ही सगळे गाडी काढून स्नोक्वाल्मी घाट ओलांडून कोलंबिया नदीकाठी व्हँटेजला गेलो. तिथल्या फ्रेंचमन कूलीत बेसाल्टचे उभे षटकोनी खांब एकाला एक लागून उभे आहेत. लाव्हा थंड होताना आकसतो आणि अशा भेगा पडतात, हे ती आम्हाला समजावून सांगत होती. हातानं खांबाची बाजू मोजत, वहीत चित्र काढत. साताऱ्याला आजोबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी आयुष्यभर पाटबंधारे खात्यात काम केलं, विहिरी आणि धरणांचे पाये पाहिले. ते म्हणाले, "थरांच्या मधे लालसर माती लागते बघ, बोल म्हणतात तिला. तिकडे लागते का?" तिनं दोन प्रवाहांमधला तांबूस पट्टा दाखवला. त्यानंतर ते दोघं बोलत राहिले, आणि आम्ही बाजूला बसून शिदोरी सोडली. लाव्हाच्या दोन प्रवाहांच्या मधे मोठा काळ गेला, तेवढ्यात वरचा थर झिजून माती झाली, हे त्या पट्ट्यावरून कळतं. आजोबांचा अनुभव तिनं प्रकल्पात लिहिला, शिक्षकांनी त्याबद्दल वर्गात बोलायला लावलं.

चांगल्या गोष्टी एवढ्या सांगितल्या, तर जे गमावलं तेही सांगायला हवं. मैत्रिणींबरोबरचा जेवणाचा तास गेला. तो गेला की सोबत बरंच काही जातं. शाळेतल्या घोषणा शाळेत असणाऱ्यांनाच ऐकू येतात. यरबुकसाठी फोटो कधी, टोपी-गाऊनची मागणी कधीपर्यंत नोंदवायची, हे तिला स्वतः शोधून काढावं लागायचं. कॉलेजात वर्ग संपला की सगळे पांगतात, कुणाला कामावर जायचं असतं, कुणाला मूल आणायचं असतं. पहिल्या हिवाळ्यात ती एकटी पडली होती हे आम्हाला दिसत होतं. ऑर्केस्ट्रा होता म्हणून ती सावरली. त्यामुळे शाळेतला निदान एक तरी विषय, आणि तोही सोबत्यांबरोबर मिळून करायचा असा, सोडू नका हे मी आग्रहानं सांगते. त्याचा दुसरा उपयोग बारावीत कळतो. विद्यापीठांच्या अर्जाला शिफारसपत्रं लागू शकतात, आणि कॉलेजच्या प्राध्यापकांची ओळख दहा आठवड्यांची असते. तिला चार वर्षं ओळखणारे फक्त ऑर्केस्ट्राचे सर होते.

वेग हाही हलक्यात घ्यायचा विषय नाही. अमेरिकेचा इतिहास शाळेत वर्षभर चालतो. कॉलेजात पाच क्रेडिटच्या एका क्वार्टरमध्ये शाळेचा तोच वर्षाचा क्रेडिट मिळतो. पुष्कळांना हा मोठा फायदा वाटतो. ज्याला इतिहास आवडतो त्याचं यात नुकसान आहे. तिनं इतिहास शाळेतच घेतला आणि मला तो निर्णय आवडला. गणिताचं उलट झालं. बारावीत ती पूर्ण वेळ कॉलेजात गेली, ऑर्केस्ट्रा सकाळी तेवढा ठेवला, आणि तीन विषय, पंधरा क्रेडिट. कॅल्क्युलसचा पहिला भाग नीट पार पडला. हिवाळ्याच्या क्वार्टरमध्ये दुसरा भाग, केमिस्ट्री आणि राज्यशास्त्र एकत्र आले. केमिस्ट्रीच्या लॅबचे अहवाल रात्री एकपर्यंत चालायचे आणि चौथ्या आठवड्यापासून कॅल्क्युलस हातातून सुटायला लागलं.

आम्हाला तिनं सांगितलं तेव्हा ती सगळी चौकशी करून आली होती. प्राध्यापकांच्या ऑफिसच्या वेळेत दोनदा जाऊन बोलली होती, शाळेच्या समुपदेशकाला भेटून तिचे गणिताचे क्रेडिट आधीच पूर्ण आहेत याची खात्री केली होती. विषय सोडण्याची तारीख संपायच्या आत सोडला तर ट्रान्स्क्रिप्टवर ग्रेडऐवजी 'डब्ल्यू' लागतो. तोही कायमचा, पण सरासरी बिघडत नाही. विद्यापीठाचा अर्ज नोव्हेंबरातच गेला होता, आणि बारावीच्या विषयांत बदल झाला तर विद्यापीठाला कळवावं लागतं. तो ईमेलसुद्धा तिनं लिहून ठेवला होता. "मी सोडणारे," ती म्हणाली. विचारत नव्हती. तिच्या बाबांच्या तोंडावर आलेलं मला दिसत होतं: अजून दोन आठवडे थांब, मी शिकवतो. त्यांनी ते गिळलं आणि "बरं" म्हणाले. वसंतात तिनं तोच विषय पुन्हा घेतला, सोबत हलके दोन विषय घेतले, आणि व्यवस्थित पास झाली.

आता प्रवेशाबद्दल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत. या राज्यात कम्युनिटी कॉलेजचे ९० क्रेडिट ठरलेल्या रचनेनं पूर्ण केले की असोसिएट, म्हणजे दोन वर्षांची, पदवी मिळते आणि सरकारी विद्यापीठं ती मानतात. काही मुलं शाळेच्या पदवीदानाच्याच महिन्यात तीही घेतात. तरीसुद्धा वॉशिंग्टन विद्यापीठात रनिंग स्टार्टची मुलं, क्रेडिट कितीही असोत, फ्रेशमन, म्हणजे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी, म्हणूनच अर्ज करतात. ९० क्रेडिट आहेत म्हणून प्रवेश सोपा होत नाही. प्रवेश मिळाल्यावर मात्र ते क्रेडिट मोजले जातात. कॉम्प्युटर सायन्ससारख्या गर्दीच्या विभागात तर जागा प्रामुख्यानं फ्रेशमन अर्जातूनच भरतात, त्यामुळे "दोन वर्षं वाचवून थेट तिसऱ्या वर्षाला" हे गणित तिथे लागू पडेलच असं नाही. राज्याबाहेरच्या बऱ्याच खाजगी विद्यापीठांचा नियम आणखी कडक आहे: जे क्रेडिट शाळा पूर्ण करायला वापरले ते आम्ही धरणार नाही. मुलाच्या मनात तशी विद्यापीठं असतील तर अकरावीच्या आधी त्यांच्या वेबसाइटवर जाऊन हा नियम वाचा. चार वर्षांचा खर्च दोनवर आणायचा हेतू ठेवून शिरलात आणि मूल राज्याबाहेरच्या अशा विद्यापीठात गेलं, तर हिरमोड होतो; आमच्या ओळखीत एका घरी तसं झालं.

लेकीनं असोसिएट पदवी घेतली नाही. तिला ती नकोच होती. २०२४ च्या जूनमध्ये ती तिच्या शाळेतून, तिच्या मैत्रिणींच्या रांगेत उभी राहून पास झाली आणि सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठात गेली. इंग्रजी, जिऑलॉजी, केमिस्ट्री, कॅल्क्युलस, सगळे अँपरसँडवाले विषय बिनतक्रार तिकडे धरले गेले. मोकळ्या झालेल्या जागेचा उपयोग तिनं लवकर संपवण्यासाठी केला नाही. अर्थ अँड स्पेस सायन्सेस (पृथ्वी आणि अवकाश विज्ञान) विभागात ती जास्तीचे विषय घेतेय आणि उन्हाळ्यात फील्डवर जाते. चार वर्षंच लागतील असं म्हणते. आमची काही हरकत नाही.

धाकटा आता दहावीत आहे. त्याला रनिंग स्टार्ट नको आहे. त्याला मार्चिंग बँड सोडायचा नाही, आणि मित्रांबरोबर जेवायचंय असं त्यानं स्पष्ट सांगितलं. त्याच्यासाठी 'कॉलेज इन द हायस्कूल' नावाची दुसरी सोय आहे: वर्ग शाळेतच, शिक्षक शाळेचेच, पण अभ्यासक्रम कॉलेजचा आणि क्रेडिटही कॉलेजचे. पूर्वी त्याला पैसे पडायचे, २०२३ पासून राज्यातल्या सरकारी कॉलेजांमार्फत घेतलं तर पडत नाहीत. तो पुढच्या वर्षी त्यातला इंग्रजीचा एक विषय घेणार आहे. फॉर्म त्यानं स्वतः भरलाय. सही करायला काल माझ्यासमोर ठेवला.